उतरतंय, सर

आमच्या सरांच्या तासाला 'हजर' म्हटलं की गैरहजेरी लागायची.

त्यांची हजेरी घ्यायची पद्धत अशी. हातात क्रिकेटचा एक जुना स्टंप असायचा. तो ते एकेकाकडे रोखायचे आणि विचारायचे, "पाणी?" आपण म्हणायचं, "चढतंय, सर" किंवा "उतरतंय, सर". पाणी म्हणजे समुद्राचं. आमच्या कॉलेजच्या गच्चीवरूनसुद्धा समुद्र दिसत नाही, दिसतात त्या इमारती आणि इमारतींवरच्या टाक्या. पण सरांचं म्हणणं असं, की समुद्राशेजारी राहणाऱ्या माणसाला आत्ता समुद्र काय करतोय हे ठाऊक नसेल तर तो इथे हजर नाहीच. उत्तर चुकलं की ते शांतपणे म्हणत, "तू अजून घरीच आहेस. उद्या ये." आणि खरोखर गैरहजेरी लावत.

पहिल्याने सांगितलं की बाकीच्यांनी री ओढायची, ही युक्ती आम्ही लगेच शोधून काढली. सरांनी लगेच "कशावरून?" असा पुढचा प्रश्न सुरू केला. मग मात्र शिकावंच लागलं. तशी ती गोष्ट अवघड नाही. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, अमावस्या आणि पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मी वाणिज्य शाखेची मुलगी, त्या वर्षी शिकलेल्या हिशेबांपैकी एवढा एकच मला अजून तोंडपाठ आहे.

वाणिज्यची मुलं समुद्राच्या नादी कशी लागली, तेही सांगायला हवं. नव्या धोरणात प्रत्येकाला हाताने काम करून शिकायचा एक कोर्स सक्तीचा झाला. बेकरी, मेकअप आणि मोबाइल दुरुस्ती हे पहिल्याच सकाळी भरले. उरला 'किनारा परिचय'. त्याला आलेली आम्ही सगळी मुलं म्हणजे त्या दिवशी उशिरा उठलेली मुलं. सर प्राणिशास्त्राचे. त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "छान. कुणालाच काही येत नाही. कामाला सोपं जाईल."

सर आगाशीचे. तिथे त्यांची केळीची वाडी आहे. उंच, काटकुळे, आणि पँट नेहमी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. स्टाफ मीटिंगला जाताना ते ती सोडत, पण एकच पाय सोडायचं लक्षात राहत असे, दुसरा तसाच. चपलांना मागून सुतळी बांधलेली, म्हणजे चिखलात चप्पल राहून माणूस पुढे जायला नको. खिशात सुकेळी. आमच्या भागात पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यांची ती तपकिरी, चिवट सुकेळी. कुणी चांगलं उत्तर दिलं की सर खिशात हात घालून एक काढून देत. ती सुकेळी मिळवण्यासाठी एकवीस वर्षांची घोडी मुलं हात वर करून ओरडायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मीही त्या घोड्यांत होते.

वर्गात मात्र सर अगदीच बेताचे. फळ्याकडे तोंड करून, स्वतःशीच बोलल्यासारखे शिकवत. मागच्या बाकावर तर सोडाच, पुढच्या बाकावरही अर्धंच पोचायचं. पण हेच सर चिखलात उतरले की आवाज असा खणखणीत व्हायचा, की खाडीतले बगळे उठायचे.

त्यांचा एक नियम होता: आधी हात, मग नाव. कुठल्याही वस्तूला हात लावून झाल्याशिवाय तिचं नाव घ्यायचं नाही. चाचणी परीक्षेला त्यांनी गोणपाटाची एक ओली पिशवी आणली आणि एकेकाला आत हात घालायला लावला. आमच्यातली एक हुशार मुलगी हात घालायच्या आधीच म्हणाली, "शिंपला, सर." सर म्हणाले, "नाव नंतर. हाताला काय कळलं ते सांग." तिने हात घातला, किंचाळली, आणि मग हळूहळू सांगू लागली, की एका बाजूने गुळगुळीत आहे, दुसऱ्या बाजूने खरखरीत आहे, आणि सर, हे थोडं हलतंय. तिला सुकेळी मिळाली.

मी हात घातला तो नेमका एका कालवाच्या धारदार शिंपल्याच्या कडेवर, आणि बोट कापलं. सरांनी बोट धुऊन पट्टी बांधली, सुकेळी दिली आणि त्या दिवसापासून मला 'कालव' म्हणायला लागले. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ज्याला जी वस्तू भेटली ते त्याचं नाव. एक मुलगा खाडीतल्या तिवरांच्या झाडीतल्या सहलीला पांढरेशुभ्र नवे बूट घालून आला होता. त्यातला एक बूट खाडीने ठेवून घेतला. सरांनी आणि आम्ही सगळ्यांनी कोपरापर्यंत हात घालून शोधला, मिळाला नाही. त्याचं नाव पडलं 'चिखल'. हा चिखल आता एका बँकेत चांगल्या जागेवर आहे आणि आमच्या ग्रुपवर अजूनही त्याच नावाने ओळखला जातो.

त्या खाडीतल्या सहलीपासून माझं काहीतरी झालं हे खरं. घरी आले ती गुडघ्यापर्यंत काळी, आणि आनंदात. परत जाताना सर म्हणाले होते, "हे काहीच नाही. समुद्राचं घर उघडं बघायचं असेल तर उधाणाची ओहोटी बघा. पाणी इतकं लांब जातं, की आतलं सगळं मांडून ठेवल्यासारखं दिसतं." तेवढ्याने माझ्या मनात घर केलं. मला ते बघायचंच होतं.

उधाणाची ओहोटी म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमा, आणि वेळ सहाची, संध्याकाळी अंधार पडतो म्हणून सकाळची. आम्हाला मोकळा दिवस रविवारच. त्यातला जवळचा रविवार निघाला अमावस्येचा. सरांनी फळ्यावर लिहिलं: रविवार, अमावस्या, पहाटे पाच, नालासोपारा स्टेशनबाहेर, जुन्या चपला.

मी ते घरी येऊन सांगितलं आणि आईच्या हातातला झारा तसाच राहिला.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आई लग्न होऊन आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये आली. इतकी वर्षं नालासोपाऱ्यात काढून तिने समुद्र पाहिला तो पाहुण्यांना दाखवायला नेतात तेवढाच. ती म्हणाली, "अमावस्येला? दिवस उगवायच्या आधी? शहाणी माणसं अमावस्येला प्रवासाला निघत नाहीत, आणि हे पोरांना घेऊन पाण्यात चाललेत. ते काही नाही. मी कॉलेजात येते."

आणि ती खरंच आली. वाटेत तिला आणखी दोन-तीन आया भेटल्या, त्याही ह्याच कामाला निघालेल्या. प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये सरांना बोलावलं. मी दाराशी उभी होते आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

सर म्हणाले, "ताई, अमावस्येला पाणी सगळ्यात लांब जातं."

आई म्हणाली, "आणि त्याच दिवशी सगळ्यात वर पण येतं. ऐकलंय मी."

सरांचा चेहरा उजळला. "बरोबर," ते म्हणाले, आणि खिशातून सुकेळी काढून तिला दिली. आईने ती पर्समध्ये ठेवली, पण आई स्वतः काही विरघळली नाही.

प्राचार्य मॅडम तशा वाईट नव्हत्या, पण त्यांचा जीव नव्या बसवलेल्या मोठ्या पडद्यावर होता. त्यावर सगळं जग दिसतं, मग पोरांना चिखलात कशाला न्यायचं, हे त्यांनी आधीही बोलून दाखवलं होतं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि निकाल दिला. "अमावस्या रद्द. पंधरा दिवसांनी रविवारीच पौर्णिमा येते. चांगला दिवस आहे. पहाटे नाही, दिवसाउजेडी, अकरा वाजता."

सर म्हणाले, "मॅडम, समुद्राला अमावस्या आणि पौर्णिमा सारखीच. अकराला पाणी काठावर असेल."

"समुद्राला सारखी असेल, सर. पालकांना नाही," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः येते. आणि ह्या खेपेला मुलांना काही बघायला मिळालं नाही, तर पुढच्या वर्षी हा कोर्स पडद्यावरच."

"मी पण येते," आई म्हणाली.

सर बाहेर आले तेव्हा स्टंप काखेत होता आणि पँटचे दोन्ही पाय खाली सोडलेले होते. आम्हाला फार वाईट वाटलं. चिखल म्हणाला, "सर, आपण सगळे जाऊन मॅडमना समजावू या." सर म्हणाले, "मी सांगून झालंय. आता समुद्र सांगेल." पण तो सांगेपर्यंत मॅडम थांबतील का, ह्याची खात्री त्यांनाही नसावी. त्या पंधरा दिवसांत त्यांनी कुणालाही सुकेळी दिली नाही.

पौर्णिमेच्या रविवारी आम्ही बसने कळंबच्या किनाऱ्यावर पोचलो. पुढे सर, मागे आम्ही, त्यामागे छत्री घेतलेल्या मॅडम आणि सगळ्यात शेवटी आई, तिच्या हातात थालीपिठांचा डबा. ती समुद्राकडे असं बघत होती, की जणू त्याचीही तक्रार करायची आहे.

किनारा नव्हताच. पाणी थेट सुरूच्या झाडांपाशी आलेलं. वाळूची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरलेली, त्यावर आम्ही सगळे दाटीवाटीने उभे. शेजारी सुकी मासळी उलटवत बसलेली एक मावशी आम्हाला बघून हसायला लागली. "आज पुनव ना? बारा वाजता पानी चढनारच. तुमी काय बघाया आलात?"

मॅडमनी छत्री मिटली. "सर, किनारा कुठे आहे?"

"खाली आहे, मॅडम," सर म्हणाले. "येईल."

मग त्यांनी पँट दुमडली, सगळ्यांचे फोन नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यात जमा केले आणि हजेरी सुरू केली. "पाणी?" "चढतंय, सर." "पाणी?" "चढतंय, सर." स्टंप फिरत फिरत रांगेच्या टोकाला पोचला, आणि सवयीने आईवर येऊन थांबला. "पाणी?"

"मला काय विचारता?" आई म्हणाली. "समोर आहे की."

"चढतंय की उतरतंय?"

माझ्या आईला कुणी प्रश्न विचारला आणि तिने उत्तर दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही. तिने पायाशी बघितलं. थोडा वेळ बघतच राहिली. मग म्हणाली, "चढतंय."

"कशावरून?"

"मघाशी ती सुरूची काडी कोरडी होती. आता भिजलीय."

सरांनी खिशात हात घातला. पंधरा दिवसांतली पहिली सुकेळी आईला मिळाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्यांनी तिच्या हातात स्टंप दिला. तो स्टंप आमच्यापैकी कुणालाही कधी मिळाला नव्हता. "ताई, पाणी जिथे थांबेल तिथे रोवा. आणि उतरायला लागलं की आम्हाला सांगा."

आईने डबा माझ्याकडे दिला आणि स्टंप घेऊन पाण्याच्या कडेशी उभी राहिली. बाकी सगळे सुरूखाली बसले. मॅडम मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. "मी तीनपर्यंत आहे, सर," त्यांनी बजावलं. सर नुसतेच हो म्हणाले. तीनला पाणी अर्धंच उतरलेलं असणार, हा हिशेब मला येत होता.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आईचा आवाज आला, "थांबलं." तिने स्टंप रोवला. थालीपिठं खाऊन होतात न होतात तोच परत आवाज, "सर, उतरतंय." आणि ह्या वेळी त्या आवाजात पाणी स्वतःच उतरवल्याचा थोडा अभिमान होता. स्टंप आता कोरड्यात उभा होता. आईने तो उपटला आणि पाण्यामागे जाऊन पुढे रोवला. थोड्या वेळाने पुन्हा उपटला, पुन्हा पुढे. साडी खोचली. चपला हातात घेतल्या. मी हाक मारली तर म्हणाली, "थांब गं, इथे लक्ष ठेवावं लागतं."

आम्ही तिच्या मागोमाग ओल्या वाळूत उतरलो. खडकांच्या टोकाशी सर आम्हाला एकेक दगड उलटून दाखवत होते आणि पुन्हा होता तसा ठेवत होते. "खाली राहणाऱ्यांचं ते पांघरूण आहे," ते म्हणायचे. "तुमचं पांघरूण काढून कुणी निघून गेलं तर चालेल का?"

तेवढ्यात आई वाकून उभीच राहिली. तिच्या पायापाशी ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी होती. मधोमध एक भोक आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या रांगा, सगळीकडे पसरत गेलेल्या. आमच्या सोसायटीत दिवाळीला रांगोळीचं बक्षीस आईशिवाय कुणाला मिळत नाही. ती म्हणाली, "ही कुणी काढली?"

सर धावत आले. "हात लावा, ताई. नाव मग सांगतो."

आईने एक गोळी चिमटीत धरली, ती फुटली. तिने दुसरी अलगद उचलली. "ओली वाळू आहे नुसती. पण हाताने वळल्यासारखी." मग ती उकिडवी बसली आणि अगदी हलायची नाही. थोड्या वेळाने त्या भोकातून वाटाण्याएवढा एक खेकडा बाहेर आला. त्याने वाळू तोंडात घेतली, तिच्यातलं खाण्याजोगं खाल्लं, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकली. मग दुसरी. आई हळूच म्हणाली, "अहो मॅडम, इकडे या. ठिपके बघा कसे घालतोय."

मॅडम आल्या. छत्री वाळूत खोचून, साडी सावरून आईशेजारी बसल्या. तीन कधी वाजले ते त्यांना कळलं नाही, आणि आम्हाला कळलं तरी आम्ही कुणी सांगितलं नाही.

मग पाणी जे गेलं ते जातच राहिलं. सरांनी म्हटलं होतं तसंच झालं. सगळं मांडून ठेवल्यासारखं उघडं पडलं. डबक्यांतून कोळंबीची पिल्लं, वाळूवर गोगलगायींनी ओढलेल्या रेघा, अर्धा गाडला गेलेला तारामासा. आम्ही वेड्यासारखे धावत होतो. सर आमच्यामागे ओरडत होते, "आधी हात!" मला एवढा आनंद त्या आधी कधी झाला होता ते आठवत नाही. मॅडमनी स्वतः एक दगड उलटला, खालचं बघून "अगं बाई" म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

"मॅडम," आई मागून म्हणाली, "तो दगड होता तसा ठेवा. कुणाचं तरी पांघरूण आहे."

मॅडमनी मागे येऊन दगड नीट ठेवला. सर त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

सूर्य बुडताना आम्ही परत फिरलो. पाणी तेव्हा इतकं लांब होतं, की लाटांचा आवाजही येत नव्हता. बसच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या, "सर, आपण पहाटे आलो असतो, तर हे लगेच दिसलं असतं?"

"हो, मॅडम."

"मग पुढची सहल पहाटेच ठेवा. पडद्याचं राहू दे."

सर थांबले. "पुढची म्हणजे अमावस्या येते, मॅडम."

मॅडमनी आईकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. आई नळावर पाय धूत होती. तिने पाय पुसले, चपला घातल्या, स्टंप सरांना परत दिला आणि म्हणाली, "बघू."

आईचं 'बघू' म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच कधी ठरवता आलेलं नाही. दोन आठवडे मी तो विषय काढला नाही. अमावस्या ह्या वेळी सोमवारी आली होती. मॅडमनी सकाळचे तास रद्द केल्याची सूचना लागली. फळ्यावर सरांनी लिहिलं: पहाटे पाच, जुन्या चपला. आईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी आदल्या दिवशी संध्याकाळी जुन्या चपला गुपचूप दाराशी काढून ठेवल्या आणि झोपले, म्हणजे पडून राहिले.

पहाटे कुणीतरी खांदा हलवला. स्वयंपाकघरात दिवा लागलेला, थालीपिठांचा वास सुटलेला. आई साडी खोचून उभी होती.

मी उठून बसले. "आई, आज अमावस्या आहे ना?"

"सोमवती आहे," ती म्हणाली. "सोमवतीला समुद्राला हात लावायचा असतो. पूर्वापार चालत आलंय."

दाराशी माझ्या चपलांशेजारी तिच्याही जुन्या चपला होत्या. चारही चपलांना मागून सुतळी बांधलेली होती.

"किती वाजले?" मी विचारलं.

"उतरतंय," आई म्हणाली. "ऊठ."